जेरुसलेमसाठी दोनशे वर्षं: क्रुसेड आणि दोन्हीकडची भाऊबंदकी

सप्टेंबर ११८४. मृत समुद्राच्या पूर्वेला केरकच्या किल्ल्याला सुलतान सलाहुद्दीनच्या फौजेचा वेढा पडला होता. आत ख्रिस्ती सरदार, बाहेर मुसलमान सैन्य. त्याच दिवसांत दमास्कसहून मुसलमान व्यापाऱ्यांचा एक काफिला निघाला आणि ख्रिस्त्यांच्या ताब्यातल्या अक्का बंदरात सुखरूप पोचला. हजयात्रा करून परतणारा इब्न जुबैर नावाचा एक अंदालुसी, म्हणजे मुसलमानी स्पेनमधला, प्रवासी त्या काफिल्यात होता. अक्क्याच्या जकातनाक्यावर त्याने पाहिलं ते असं: गालिचे अंथरलेल्या बाकांवर ख्रिस्ती कारकून बसलेत, पुढ्यात सोन्याची नक्षी केलेल्या आबनुसाच्या दौती आहेत, आणि ही मंडळी बोलतात अरबीत, लिहितातही अरबीत. जकात भरली, माल सुटला. एकीकडे लढाई पेटलेली आणि दुसरीकडे व्यापाऱ्यांची ये-जा बिनघोर चाललेली, याचं त्याला फार नवल वाटलं.

शाळेत क्रुसेड म्हणजे धर्मयुद्धं दोन ओळींत उरकली जातात. ख्रिस्ती युरोपने जेरुसलेमसाठी स्वाऱ्या केल्या, दोनशे वर्षं लढाया झाल्या, शेवटी मुसलमान जिंकले. हे खोटं नाही. पण यातून असं चित्र उभं राहतं की एका बाजूला सगळे ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला सगळे मुसलमान आणि दोनशे वर्षं अखंड घनघोर रण. तसं क्वचितच होतं. लोक घरदार सोडून निघाले ते श्रद्धेपोटी, यात मला शंका वाटत नाही. कोण जिंकणार हे मात्र बहुतेक वेळा कोणाच्या घरात जास्त भाऊबंदकी माजली आहे, यावर ठरलं. पानिपतापासून खर्ड्यापर्यंतचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अकराव्या शतकात पश्चिम आशियात सेल्जुक तुर्कांचा जोर होता. १०७१ मध्ये मान्झिकर्टला त्यांनी बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती रोमन साम्राज्याच्या, सम्राटाला हरवून कैद केलं आणि आजच्या तुर्कस्तानाचा मोठा भाग बायझंटाइनांच्या हातून निसटला. पण १०९२ मध्ये सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला आणि काही आठवड्यांत सुलतान मलिकशाहही वारला. मुलगे, भाऊ, पुतणे एकमेकांवर तुटून पडले. सीरियात अलेप्पो एका भावाकडे, दमास्कस दुसऱ्याकडे, आणि रिदवान व दुकाक हे दोघे भाऊ एकमेकांचे कट्टर वैरी. दक्षिणेला इजिप्तमध्ये फातिमी खलिफा होते. ते शिया, सेल्जुक सुन्नी. जेरुसलेमवर दोघांचा डोळा.

कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाइन सम्राट अलेक्सिऑसने ही संधी हेरली. त्याने पोपकडे मदत मागितली. त्याला हवे होते पगारी लढवय्ये, म्हणजे हुकूम ऐकतील आणि काम झालं की घरी जातील असे. मिळालं भलतंच. पोप अर्बन दुसरा स्वतःच अडचणीत होता. जर्मन सम्राटाने दुसराच एक पोप उभा केला होता आणि रोमचा बराच भाग त्या प्रतिस्पर्ध्याकडे होता. अशा माणसाने २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समध्ये क्लेरमाँ इथे भाषण केलं: पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना वाचवा, जेरुसलेम सोडवा, जो निर्मळ मनाने जाईल त्याला पापांची वेगळी प्रायश्चित्तं घ्यावी लागणार नाहीत. त्या भाषणाचा शब्दशः मजकूर उरलेला नाही. जे वृत्तांत आहेत ते बहुतेक जेरुसलेम जिंकल्यानंतर लिहिलेले आहेत आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

लोकांनी खांद्यावर कापडी क्रूस शिवून घेतले. लुटीच्या लोभाने गेले असतील, असं आपल्याला सहज वाटतं. पण हिशेब तसा बसत नाही. शस्त्रं, घोडे, वाटखर्च यांत एका सरदाराचं कित्येक वर्षांचं उत्पन्न जात असे आणि परत येणाऱ्यांतले बरेच जण कर्जबाजारी होऊन आले. नॉर्मंडीच्या रॉबर्टने तर अख्खी नॉर्मंडी आपल्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० मार्क चांदीला गहाण टाकली.

या श्रद्धेची काळी बाजू लगेच दिसली. मुख्य फौजा निघायच्या आधीच १०९६ मध्ये काही टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स, माइन्झ या शहरांतल्या ज्यू वस्त्यांवर हल्ले करून कत्तली केल्या. तिथल्या बिशपांनी काही ठिकाणी ज्यूंना आसरा दिला, पण जमावापुढे तो टिकला नाही. धर्माच्या शत्रूला शोधायला इतक्या लांब कशाला जायचं, असा त्या टोळ्यांचा सवाल होता.

मोठ्या सरदारांच्या फौजा १०९७ मध्ये आशियात उतरल्या. त्या जिंकल्या कशा, हे समजून घ्यायचं तर अँटिऑकचा वेढा पाहावा. ऑक्टोबर १०९७ मध्ये फ्रँक (पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांना तिकडे याच नावाने ओळखत) शहराबाहेर येऊन बसले. हिवाळ्यात त्यांची अन्नान्न दशा झाली, घोडे मेले, माणसं पळाली. आतल्या सुभेदाराने शेजाऱ्यांना हाका घातल्या. डिसेंबरात दमास्कसचा दुकाक आला आणि मार खाऊन परतला. फेब्रुवारीत अलेप्पोचा रिदवान आला, तोही मार खाऊन परतला. दोघे भाऊ एकत्र आले असते, तर अर्धपोटी फ्रँकांचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. मग मोसुलचा करबुगा प्रचंड फौज घेऊन निघाला. त्याने वाटेत एडेसापुढे तीन आठवडे घालवले. तेवढ्यात अँटिऑकच्या एका बुरुजावरचा रखवालदार फितूर झाला आणि ३ जून १०९८ ला फ्रँक आत शिरले. आता ते आत आणि करबुगा बाहेर. उपाशी फ्रँकांना चर्चच्या जमिनीत एक भाला सापडला. तो येशूच्या कुशीत खुपसलेला भाला, असं शोधणाऱ्याचं म्हणणं. त्यांच्यातल्याच काहींना ते पटलं नाही, पण बाकीच्यांना हुरूप आला. २८ जूनला ते वेशीबाहेर पडले आणि करबुगाची फौज मोडली. कारण? करबुगा जिंकला तर उद्या आपल्याच उरावर बसेल, या धास्तीने त्याच्या बाजूचे कित्येक अमीर ऐन लढाईत काढता पाय घेऊन निघून गेले.

जेरुसलेम तर याच धामधुमीत फातिमींनी सेल्जुकांच्या मांडलिकांकडून हिसकावून घेतलं होतं. म्हणजे १५ जुलै १०९९ ला फ्रँकांनी ते घेतलं तेव्हा ज्या तुर्कांविरुद्ध ते घरून निघाले होते, ते तुर्क तिथे नव्हतेच! शहरात शिरल्यावर जी कत्तल झाली तिच्यात मुसलमान आणि ज्यू दोघेही मारले गेले. हरमच्या, म्हणजे अल-अक्सा मशिदीभोवतीच्या पवित्र जागेच्या, आवारातल्या रक्तपाताचं वर्णन ख्रिस्ती बखरकारांनीच अभिमानाने केलं आहे. नंतरच्या एका अरब इतिहासकाराने दिलेला ७०,००० हा आकडा आज बहुतेक अभ्यासक अतिशयोक्त मानतात. त्या एवढ्याशा शहरात तेवढी माणसं मावणंच कठीण. पण आकडा खाली आणल्याने कृत्य सौम्य होत नाही.

दमास्कसच्या अल-सुलमी नावाच्या एका विद्वानाने दुखणं फार लवकर ओळखलं. ११०५ मध्ये मशिदीत बसून त्याने जिहादवर व्याख्यानं दिली. त्याचा रोख असा की फ्रँक जिंकले ते आपल्या फाटाफुटीमुळे. आधी आपलं घर नीट करा. ऐकणारे मूठभर होते आणि त्यांत एकही सुलतान नव्हता.

राज्यं चालवायची कशी?

जेरुसलेम हाती आलं आणि बहुतेक लोक घरी परतले. नवस फेडला, आता शेतीवाडी बघायला हवी. मागे राहून जेरुसलेमचा कारभार पाहणाऱ्या गॉडफ्रीकडे सुमारे ३०० घोडेस्वार सरदार होते. पुढे एडेसा, अँटिऑक, त्रिपोली आणि जेरुसलेम अशी चार फ्रँक राज्यं उभी राहिली, पण माणसांचा तुटवडा कायमचा पाठीस लागला. या एका गोष्टीतून बाकीचं बरंच उलगडतं. माणसं नाहीत म्हणून प्रचंड किल्ले बांधले. माणसं नाहीत म्हणून टेम्पलर आणि हॉस्पिटलर हे संन्यासी लढवय्यांचे संघ वाढले. त्यांना युरोपभरातून जमिनी दान मिळत. टेम्पलरांकडे घरी पैसे भरून पूर्वेला ते उचलण्याची सोय झाली, त्यामुळे हे संन्यासी बघता बघता सावकार बनले. आणि माणसं नाहीत म्हणूनच शेजारच्या मुसलमान अमिरांशी तह करावे लागले, कधी दुसऱ्या फ्रँकांविरुद्धही.

खेड्यांत मुसलमान कुळं तशीच राहिली. इब्न जुबैर सांगतो की ती सुगीला अर्धं पीक देत, शिवाय माणशी एक दिनार पाच किरात कर. बाकी त्यांच्या घरादाराला हात लागत नसे. पलीकडे मुसलमान जमीनदारांची कुळं धन्याच्या नावाने बोटं मोडतात आणि इकडची फ्रँकांबद्दल बरं बोलतात, हे पाहून तो कष्टी झाला. त्याला ते धर्मावरचं संकट वाटलं. आपण ते वाचतो तेव्हा शेतसाऱ्याची ताकद दिसते.

सीरियातल्या शैजरच्या राजघराण्यातला उसामा इब्न मुनकिध हा माझा आवडता साक्षीदार. जन्म १०९५ चा, म्हणजे क्लेरमाँच्या भाषणाच्याच वर्षीचा. नव्वदी पार करून गेला आणि म्हातारपणी आठवणी सांगून गेला. जेरुसलेमला तो जाई तेव्हा त्याचे टेम्पलर मित्र अल-अक्सा मशिदीजवळची एक छोटी जागा त्याला नमाजासाठी मोकळी करून देत. एकदा तो नमाजाला उभा राहिला, तर एका फ्रँकाने धावत येऊन त्याचं तोंड पूर्वेकडे फिरवलं, ‘अशी प्रार्थना कर’ म्हणून. टेम्पलरांनी त्या माणसाला बाहेर काढलं. थोड्या वेळाने तो पुन्हा घुसला! टेम्पलरांनी त्याला पुन्हा हाकललं आणि उसामाची माफी मागितली: हा नुकताच आपल्या मुलुखातून आलाय, पूर्वेकडे तोंड न करता प्रार्थना करणारा माणूस त्याने पाहिलेला नाही. उसामाचं निरीक्षणही हेच, की नवे आलेले फ्रँक जुन्या रहिवाशांपेक्षा जास्त आडदांड असतात. गंमत म्हणजे हाच उसामा ‘अल्ला त्यांचा नायनाट करो’ हे शब्दही लिहीत राहतो. मैत्री आणि शिव्याशाप त्याच्या एका पानावर सुखाने नांदतात.

११४४ मध्ये मोसुलच्या झेंगीने एडेसा घेतलं, म्हणून दुसरं क्रुसेड निघालं. दोन राजे आले आणि त्यांनी हल्ला कुठे केला, तर दमास्कसवर. झेंगीच्या घराण्याची धास्ती असलेलं दमास्कस हे जेरुसलेमचं जुनं दोस्त शहर. चार दिवसांत वेढा उठला, आणि काही वर्षांनी ते शहर झेंगीच्या मुलाला, नूरुद्दीनला मिळालं. या मोहिमेचं एकच ठोस यश, आणि तेही भलत्या टोकाला: वाटेत थांबलेल्या जहाजांवरच्या क्रुसेडरांनी ११४७ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिस्बन जिंकून दिलं.

हत्तिन

नूरुद्दीनचा एक कुर्द सरदार इजिप्तला गेला. सोबत पुतण्या होता, सलाहुद्दीन. काका वारला, पुतण्या वजीर झाला, ११७१ मध्ये त्याने फातिमी खिलाफत संपवली आणि नूरुद्दीनच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांकडून दमास्कस आणि अलेप्पो घेतलं. आज त्याचं नाव जेरुसलेमशी जोडलेलं आहे, पण ११८६ पर्यंत त्याची बरीच मेहनत दुसऱ्या मुसलमानांना वाकवण्यात गेली. इजिप्त आणि सीरिया एका हातात आल्यावर फ्रँकांची जुनी युक्ती, म्हणजे एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवणं, संपली.

आता भाऊबंदकी फ्रँकांकडे आली. कुष्ठरोगी राजा बाल्डविन चौथा ११८५ ला वारला. गादीवर त्याच्या बहिणीचा नवरा गी बसला. त्रिपोलीच्या रेमंडला तो मान्य नव्हता. त्याने सलाहुद्दीनशी परस्पर तह केला होता. केरकचा रेनाल्ड तर कोणाचंच ऐकत नसे. त्याने तांबड्या समुद्रात जहाजं घालून हजयात्रेकरू आणि व्यापारी लुटले होते, आणि आता तह चालू असताना एक मोठा काफिला लुटला. सलाहुद्दीनला निमित्त मिळालं.

जुलै ११८७. गीची सुमारे वीस हजारांची फौज सफूरियाच्या झऱ्यावर तळ देऊन होती. सलाहुद्दीनने दिवसभराच्या वाटेवरचं तिबेरियास वेढलं. आत रेमंडची बायको अडकली होती, तरी रेमंडच म्हणाला की जाऊ नका, मधे पाणी नाही, हा सापळा आहे. गीला पटलं. रात्री टेम्पलरांचा प्रमुख राजाच्या तंबूत गेला: त्या फितुराचं काय ऐकता? पहाटे कूच झालं. ऐन उन्हाळा, अंगावर लोखंडी कड्यांचं चिलखत, पिछाडीवर सतत बाणांचा मारा. संध्याकाळी फौज कोरड्या माळावर अडली. रात्र पाण्याविना गेली. सलाहुद्दीनच्या माणसांकडे मात्र तळ्यातलं पाणी पखालींतून उंटांवर येत होतं. सकाळी त्यांनी वाऱ्याच्या दिशेने वाळकं गवत पेटवलं आणि धूर फ्रँकांच्या तोंडावर गेला. तहानेने कासावीस पायदळ हत्तिनच्या टेकडीवर चढून बसलं आणि खाली येईना. सलाहुद्दीनच्या मुलाने पुढे सांगितलेली आठवण आहे: फ्रँक मागे हटले की मी ‘जिंकलो!’ म्हणून ओरडायचो, आणि अब्बा म्हणायचे, गप्प बस, तो राजाचा तंबू पडेपर्यंत आपण जिंकलेलो नाही. बोलता बोलता तंबू पडला. सुलतान घोड्यावरून उतरला, त्याने सजदा केला आणि तो रडला.

कैदी राजाला थंड पाणी दिलं गेलं, म्हणजे जीव वाचला. राजाने पेला रेनाल्डकडे सरकवला. सलाहुद्दीन म्हणाला, त्याला ते मी दिलेलं नाही, आणि त्याला स्वतःच्या हाताने मारलं. पकडलेले टेम्पलर आणि हॉस्पिटलरही कापले गेले. २ ऑक्टोबरला जेरुसलेमने शरणागती पत्करली. पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५ अशी खंडणी ठरली. कत्तल झाली नाही. ज्यांचे पैसे भरले गेले नाहीत असे हजारो लोक मात्र गुलाम झाले. सलाहुद्दीनची उदारता सांगताना ही शेवटची ओळ बऱ्याचदा गाळली जाते.

तिसऱ्या क्रुसेडमध्ये जर्मन सम्राट वाटेतच नदीत बुडाला, फ्रान्सचा राजा अक्का पडल्यावर घरी गेला. उरला इंग्लंडचा रिचर्ड. अक्क्याला त्याने सुमारे २,७०० कैदी मारले. तोच रिचर्ड आजारी पडला तेव्हा सलाहुद्दीनने त्याला फळं आणि बर्फ पाठवलं. रिचर्डच्या बहिणीचं लग्न सलाहुद्दीनच्या भावाशी लावावं, इथपर्यंत बोलणी गेली. दोनदा फौज जेरुसलेमच्या अगदी जवळ जाऊन मागे वळली. स्थानिक सरदारांचं गणित सरळ होतं: घेऊ शकू, पण तुम्ही गेल्यावर राखायचं कोणी? शिवाय घरी भाऊ जॉन गादीकडे डोळे लावून बसलेला. सप्टेंबर ११९२ मध्ये तह झाला. किनारा फ्रँकांकडे, जेरुसलेम मुसलमानांकडे, यात्रेकरूंना वाट मोकळी.

कर्जाचं क्रुसेड

चौथ्या क्रुसेडची कथा सगळ्यात चमत्कारिक. १२०१ मध्ये सरदारांनी व्हेनिसशी करार केला: ३३,५०० माणसं आणि ४,५०० घोडे इजिप्तकडे न्यायचे, मोबदला ८५,००० मार्क चांदी. व्हेनिसने बाकीचे धंदे बाजूला ठेवून जहाजं बांधली. प्रत्यक्षात आले साधारण एक तृतीयांश. लग्नाला हजार पानं सांगितली आणि पाहुणे तीनशे आले तरी आचारी पैसे हजारांचेच मागणार, व्हेनिसनेही मागितले. पैसे नव्हते. मग व्हेनिसचा वृद्ध, आंधळा प्रमुख दांदोलो याने तोड काढली: वाटेवरचं झारा शहर आम्हाला जिंकून द्या, बाकीचं नंतर बघू. झारा ख्रिस्ती, तेही कॅथलिक. पोपने बहिष्कार घातला, शहर तरी पडलंच. तेवढ्यात कॉन्स्टँटिनोपलचा एक राजपुत्र भेटला. काकाने बापाला आंधळं करून गादी बळकावली होती. मला गादीवर बसवा, २,००,००० मार्क देतो. बसवलं. पैसे काही निघेनात, त्याचा खून झाला, आणि एप्रिल १२०४ मध्ये क्रुसेडरांनी ख्रिस्ती जगातलं सगळ्यात श्रीमंत शहर तीन दिवस लुटलं. तिथले काशाचे चार घोडे आजही व्हेनिसमध्ये आहेत. या क्रुसेडचा मुख्य लवाजमा एकाही मुसलमान राजाशी लढला नाही.

याच्या उलट १२२९ ची गोष्ट. पोपने बहिष्कृत केलेला सम्राट फ्रेडरिक दुसरा पूर्वेला गेला. इजिप्तचा सुलतान अल-कामिल दमास्कसवरून भाऊबंदांशी झगडत होता, त्याला आणखी एक आघाडी नको होती. बोलणी झाली आणि रक्ताचा थेंब न सांडता जेरुसलेम दहा वर्षांसाठी ख्रिस्त्यांना मिळालं. हरमचं आवार मुसलमानांकडेच राहिलं. यावर कोण खूष झालं? कोणीच नाही. दमास्कसमध्ये शोक झाला, आणि अक्क्यात जहाजावर चढणाऱ्या सम्राटावर ख्रिस्ती लोकांनीच प्राण्यांची आतडी फेकली. १२४४ मध्ये शहर पुन्हा गेलं, कायमचं.

पुढचं चटकन सांगता येईल. फ्रान्सचा नववा लुई इजिप्तमध्ये कैद झाला आणि जबर खंडणी भरून सुटला. त्याच गोंधळात मामलुक, म्हणजे सुलतानाचे गुलाम सैनिक, इजिप्तमध्ये सत्तेवर आले. १२६० मध्ये ऐन जालूतला त्यांनी मंगोलांना हरवलं, तेव्हा अक्क्याच्या फ्रँकांनी मामलुकांना आपल्या मुलखातून वाट दिली होती. याचं बक्षीस म्हणून काही सवलत मिळाली नाही. अँटिऑक १२६८, त्रिपोली १२८९, अक्का मे १२९१. तोवर व्हेनिस आणि जेनोआ यांनी अक्क्याच्या गल्ल्यांत आपापसात लढून शहराची चाळण केलीच होती.

टेम्पलरांचं फ्रान्समध्ये काय झालं ते बहुतेकांना ठाऊक असतं: राजाने त्यांना पकडलं, जाळलं, १३१२ मध्ये पोपने संघ बरखास्त केला. पोर्तुगालमध्ये मात्र त्यांची मालमत्ता १३१९ मध्ये ‘ख्रिस्ताचा संघ’ नावाच्या नव्या संघाला मिळाली. पुढे राजपुत्र हेन्री याच संघाचा कारभारी होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या शोधमोहिमांना संघाचा पैसा लागला. हिंदुस्थानच्या वाटेवर निघालेल्या पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर त्याच संघाचा तांबडा क्रूस होता. मिरी थेट मिळवायची म्हणजे मामलुकांचं उत्पन्नही बुडेल आणि धर्मकार्यही होईल, असा दुहेरी हिशेब होता. पोर्तुगीज सेनानी अफोंसो दे अल्बुकर्कच्या डोक्यात तर मदिनेवर छापा घालून पैगंबरांचे अवशेष पळवायचे आणि बदल्यात जेरुसलेम मागायचं, असा बेत होता.

तो बेत तडीस गेला नाही. २५ नोव्हेंबर १५१० ला त्याने आदिलशाहीकडून गोवा मात्र घेतलं. वाट दाखवायला तिमोजा हा हिंदू सरदार होता. आदिलशाही अंमलाशी त्याचं स्वतःचं वैर होतं. महिन्याभराने राजाला लिहिलेल्या पत्रात अल्बुकर्कने शहरातल्या मुसलमानांची कित्येक दिवस चाललेली कत्तल कळवली, आणि शेतकरी व ब्राह्मण यांना मात्र सोडायला सांगितल्याचंही नमूद केलं.